बॅगेच्या गळ्यातली घंटी

माझं काम नेमकं काय होतं, हे आमच्या जावयांना लग्नाला इतकी वर्षं होऊनही समजलेलं नाही. पाहुणे आले की ते मोठ्या कौतुकानं सांगतात, "आमच्या सासूबाई बॅगा शिवायच्या." मग मी आतून ओरडते, "बॅगा बाकीच्या शिवायच्या! मी बॅगेला लटकवलेलं पडू द्यायची नाही!" पाहुणे एकमेकांकडे बघतात आणि गुपचूप चहा प्यायला लागतात.

आता दिवाळी अंकवाल्यांनी विचारलंच आहे तर एकदाचं नीट सांगून टाकते. जावईबापूंनाही वाचायला देईन.

कोरपन्याला बाजाराच्या मागे एक जुनी जिनिंगची शेड आहे. कापूस तिथून कधीचा गेला, आणि त्या जागी आमचं बॅगांचं युनिट आलं. आत शिलाई मशिनी, कटिंगचं लांब टेबल आणि एका कोपऱ्यात आमचं टॅगचं टेबल. बॅगा कातड्याच्या आणि कोशाच्या, म्हणजे आमच्याकडच्या टसर रेशमाच्या, कापडाच्या. त्या जायच्या मुंबईला रेवा मॅडमकडे, आणि तिथून काचेच्या दारांच्या दुकानांत. किंमत ऐकून आमच्या कुंदानं पहिल्यांदा विचारलं होतं, "काकू, आतमधी काही भरून देते काय?"

टॅग म्हणजे किमतीची चिठ्ठी नव्हे बरं. बांबूची गुळगुळीत घासलेली चकती, तिच्यावर जाळून काढलेलं मॅडमच्या कंपनीचं चिन्ह, खाली बोराएवढी पितळेची घंटी आणि कोशाच्या धाग्याचा गोंडा. बॅगेचा पट्टा ज्या कडीत अडकवतात त्याच कडीला हे सगळं लोंबतं. उपयोग काहीच नाही. पण मॅडम म्हणायच्या, "सुमनताई, टॅग पडला की माझी बॅग ही कुणाचीही बॅग होते." आणि टॅग पडला की गिऱ्हाईक बॅगच परत पाठवायचं.

म्हणून मग तो पडू न देणं हा एक धंदाच झाला, आणि त्या धंद्याची मुख्य मी. मेण लावलेला धागा कडीतून फिरवायचा, गाठ मारायची, टोक आत दडवायचं. गोंद लावायचा नाही, कोशाच्या गोंड्यावर त्याचा डाग पडतो. म्हणजे सगळा भरवसा गाठीवर. गाठ मारून झाली की टॅगला पाण्यानं भरलेली बाटली लटकवायची आणि आम्ही डबे खाऊन येईपर्यंत तशीच ठेवायची. परत आल्यावर बाटली वर असली तर पास. ऐकायला सोपं वाटतं ना? बसा एकदा त्या स्टुलावर, मान मोडून.

आणि गिऱ्हाईकं तरी काय एकेक! एका बाईंनी कळवलं, टॅगची क्वालिटी एकदम खराब, फिरायला गेलो आणि पहिल्याच दिवशी निघाला. सोबत फोटो. फोटोत ताडोब्याच्या गेटपाशी एक वानर झाडावर बसलंय आणि त्याच्या हातात आमचा टॅग. आता बोला! वानरानं ओढलं तर कुणाचं काय टिकतं? बाईंचा चष्मा गेला नाही हे नशीब म्हणायचं. दुसऱ्या एकीनं लिहिलं, घंटी वाजते म्हणून ध्यानाच्या वर्गातून मला उठवलं, घंटी मुकी करून द्या. आम्ही घंटीच्या जिभेवर मेण थापून पाठवलं. तर पुन्हा तक्रार, आता वाजतच नाही, सुनं सुनं वाटतं. एका साहेबांनी तर बायकोच्या बॅगेचा टॅग काढून गाडीच्या आरशाला बांधला होता आणि तिथून पडला म्हणून भरपाई मागत होते. मी फोनवर सांगितलं, "भाऊ, गाडी पाठवा, तिलेही तपासून देतो." त्यानंतर त्यांचा फोन आला नाही.

असं हसतखेळत चाललं होतं. आणि मग एका सणाच्या हंगामात टॅग खरोखरच पडायला लागले. वानर नाही, आरसा नाही, चांगल्या शहाण्यासुरत्या बायकांच्या बॅगेवरून पडायला लागले. रोज कुरिअरवाला परत आलेली बॅग घेऊन यायचा आणि शेडच्या दारातूनच ओरडायचा, "बाई, तुमची माहेरवाशीण आली!" मला असा संताप यायचा की विचारू नका.

मॅडमचा फोन आला. बाई कधी आवाज चढवायच्या नाहीत, त्या दिवशीही चढवला नाही, त्यानंच मला जास्त भीती वाटली. "सुमनताई, नवा माल बघायला मी स्वतः येतेय. टॅग माझ्या हातात निघून आला तर टॅगचं काम मला बाहेर द्यावं लागेल. मशिननं प्लास्टिकची पिन ठोकतात. मला ती अजिबात आवडत नाही, पण दुकानदार माझं ऐकायच्या पलीकडे गेलेत."

म्हणजे आमचं टेबलच उठणार. त्या टेबलावर बसणाऱ्या बहुतेक बाया मशीन चालवू शकत नव्हत्या. कुणाचं दिसणं कमी झालेलं, कुणाचे गुडघे गेलेले, कुणाला पायडलची भीती. तिथलं काम गेलं तर त्यांना उन्हात कापूस वेचायला जाण्याशिवाय दुसरं काही नव्हतं. कुंदा तरुण होती, मशीनही चालवायची, ती कुठेही लागली असती. बाकीच्यांचं काय?

मी धागा बदलला. मेण बदललं. कडीवाल्याला फोन करून त्याच्या सात पिढ्यांची आठवण करून दिली. पाण्याच्या बाटलीऐवजी मोठा कॅन लटकवला. टॅग पास व्हायचे आणि मुंबईला जाऊन पडायचे.

एक दिवस मी नमुन्याची बॅग खांद्याला लावून घरी निघाले. काळीपिवळीतून उतरताना टॅग दाराच्या कडीत अडकला, मला हलकासा हिसका बसला आणि टॅग टपकन खाली. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, काहीतरी पडलं जी तुमचं." मी उचलून बघते तर धागा जसाच्या तसा. ना तुटलेला, ना उसवलेला. नुसता सुटला होता, जसा कुणी बांधलाच नव्हता.

तेव्हा डोक्यात ट्यूब पेटली. आमची बाटली सरळ खाली ओढते. दाराची कडी तिरकी ओढते. दुसऱ्या दिवशी टेबलावरचे सगळे टॅग मी आडवे हिसकून पाहिले. कुंदाचे हलेनात. बाकीच्यांचे हलेनात. जंगूबाईंचा पहिला सुटला, दुसरा सुटला, सगळे सुटले.

जंगूबाई म्हणजे आमच्या टेबलाची शान. जिवतीच्या पहाडाखालच्या गुड्यातून, म्हणजे आदिवासी पाड्यातून यायच्या, माझ्याच वयाच्या, बोलणं कमी. त्यांची गाठ इतकी बारीक आणि देखणी बसायची की मॅडमनी त्या हंगामापासून दुकानांत मांडायच्या बॅगा मुद्दाम त्यांच्याच हातून बांधून घेतल्या होत्या. मी त्यांना शेडच्या मागे नेलं.

"जंगूबाई, हे गाठ तुमची?"

"हो जी."

"हे सुटून राह्यली ना!"

"हो मंग," त्या शांतपणे म्हणाल्या. "सुटालेच पाह्यजे."

मी कमरेवर हात ठेवले. "काऊन सुटाले पाह्यजे?"

"गळ्यातलं हाय ना, बाई. गळ्यात बांधलेलं अडकलं का सुटलं पाह्यजे. नाई तं जनावर मरते."

"अवो, हे जनावर हाय काय? हे बॅग हाय बॅग!"

त्यांनी मागच्या दारातून शेडच्या आत बोट दाखवलं. भिंतीवर मॅडमनी पाठवलेलं मोठं चित्र होतं. एक पोरगी उभी, पट्टा या खांद्यावरून त्या कमरेपर्यंत तिरका घातलेला, टॅग हवेत उडतोय. "बॅग कुठी हाय?" जंगूबाई म्हणाल्या. "पोरीच्या गळ्यात हाय."

कोंडीत सापडले की मी अजूनच मोठ्यानं बोलते. पण जंगूबाई खाली बसल्या आणि त्यांनी सांगायला घेतलं, म्हणून मीही बसले.

लहान असताना त्या गुड्यातली गुरं चारायच्या. जंगलात गुरं दिसत नाहीत, घंटी ऐकू येते, म्हणून प्रत्येकाच्या गळ्यात घंटी. त्यांच्या वाट्याला एक कालवड होती, चांदी नावाची, मोठी चळवळी. तिची घंटी सारखी पडायची आणि घरी बोलणी बसायची. मग एक दिवस जंगूनं चिडून अशी पक्की गाठ मारली की कुणाच्या बापाला सुटली नसती. त्या संध्याकाळी चांदी आली नाही. सकाळी बापानं शोधली तेव्हा ती बांबूच्या रांजीत, म्हणजे बेटात होती. घंटीचा दोर एका बांबूच्या खुंटात अडकला होता. तिनं सुटायला किती ओढलं होतं ते खालच्या मातीवर दिसत होतं.

"बाप रागावला नाई," जंगूबाई म्हणाल्या. "बसवलं न् हे गाठ शिकवली. घंटी लटकली तं धरते, तिरपा झटका बसला का सोडते. म्हणे, घंटी पडली तं दुसरी भेटते."

आता सांगा, अशा बाईवर ओरडायचं कसं? मला भडभडून आलं आणि मॅडमची गाडीही डोळ्यांसमोर दिसायला लागली. मी हात जोडले. "जंगूबाई, तुमचं सारं पटलं मले. पण टॅग पडला तं हे टेबल उठते. तुमचंबी उठते. एवढ्या मालापुरती पक्की गाठ मारा."

त्यांनी धागा हातात घेतला, कडीतून फिरवला, आणि तिथेच थांबल्या. मग तो खाली ठेवला. "माया हातानं नाई होत, बाई. दुसरं काम द्या. नसन तं घरी जातो."

घरी कशी पाठवणार? शिलाईनंतर बॅगेवर उरलेल्या धाग्यांची टोकं कापायच्या कामावर बसवलं त्यांना. देखणी गाठ मारणारी बाई हातात छोटी कात्री घेऊन कोपऱ्यात टोकं कापत बसली. टेबलावर कुणी तिच्याकडे बघेना. सगळ्या मालाच्या गाठी सोडवून कुंदानं आणि बाकीच्यांनी नव्यानं बांधल्या. कुंदाची गाठ कुंदासारखीच, एकदा धरलं की सोडायचं नाव नाही.

मॅडम आल्या. सडपातळ बाई, पायात साध्या चपला, धूळ-गरमीची तक्रार नाही. आल्याबरोबर बॅगा मांडायला लावल्या आणि एकेक टॅग धरून ओढायला सुरुवात केली. सरळ ओढला, आडवा ओढला, पिळून ओढला. एकही सुटेना. शेवटचा ओढून मॅडम हसल्या. "सुमनताई, जिंकलात. काम इथेच राहील."

बाप्पा रे! कुंदानं तर टाळीच वाजवली. कुणीतरी चहाला धावलं, कुणी आलुबोंडे आणायला. मला एकदम हलकं वाटलं. कोपऱ्यात जंगूबाई टोकं कापत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

चहा होईपर्यंत मॅडमनी एक बॅग गळ्यात तिरकी घातली, भिंतीवरच्या चित्रातल्यासारखी, आणि शेडमध्ये हिंडायला लागल्या. कुंदा मशिनीवर बसून नवी शिलाई दाखवत होती. मॅडम बाजूनं वाकल्या, "टाका जरा जवळून बघू दे." मशिनीच्या चाकावरून मोटरकडे एक पट्टा फिरतो. त्यावर जाळी असते. धागा अडकतो म्हणून आमच्याकडे ती काढून ठेवलेली. मॅडमच्या बॅगेचा गोंडा झुलत झुलत त्या पट्ट्यावर गेला.

पुढचं इतकं पटकन झालं. गोंडा गेला, घंटी गेली, धागा गुंडाळला आणि बॅगेच्या पट्ट्यानं मॅडमची मान खाली खेचली. गाल मशिनीच्या डोक्याला लागला. सुई त्यांच्या डोळ्यापासून वीतभरही लांब नव्हती. त्या ओरडल्याही नाहीत, ओरडायला गळा मोकळा कुठे होता? आणि कुंदा घाबरून दगड झाली. पायडलवरून पाय उचलायचा सोडून तिनं तो आणखी दाबला. कुंदाची गाठ काही सुटेना. मी "बंद कर! बंद कर!" करत जागेवरूनच ओरडत राहिले.

जंगूबाई कोपऱ्यातून कशा आल्या ते मी पाहिलंच नाही. एक हात मॅडमच्या गालाखाली घातला, दुसऱ्या हातातली कात्री कडीपाशी नेली आणि कच्च. मॅडम मागे फेकल्या गेल्या आणि जंगूबाईंच्या अंगावर पडल्या. टॅग पट्ट्यात फडफडत राहिला. तेव्हा कुठे कुंदाचा पाय उचलला गेला.

मॅडम जमिनीवर बसल्या होत्या. मानेवर लाल वळ. जंगूबाई त्यांच्यासमोर उकिडव्या बसल्या, वळावरून दोन बोटं हळूच फिरवली आणि विचारलं, "लागलं काय व माय?"

मॅडमना 'माय' कुणी म्हटलं नसेल आजवर. त्यांनी नुसती मान हलवली आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. कुंदाही रडायला लागली, मीही रडायला लागले. चहावाली आली ती कप घेऊन दारातच उभी.

पाणीबिणी पिऊन झाल्यावर मॅडमनी विचारलं, "या टॅगच्या टेबलावर का नाहीत?"

मी सांगितलं. काय लपवायचं होतं आता? तुमचे टॅग पडले ते यांच्याच गाठीमुळे, आणि ती गाठ अशी का, तेही. चांदीचं सांगितलं. जंगूबाई पदराशी चाळा करत बसल्या होत्या, जणू दुसऱ्या कुणाची गोष्ट चाललीय. मॅडमनी मानेवरचा वळ चोळला. मग म्हणाल्या, "मला ती गाठ दाखवा."

जंगूबाईंनी दाखवली. मॅडमनी हिसका दिला, सुटली. पुन्हा बांधायला लावली, पुन्हा सुटली. मॅडम पुटपुटल्या, "सुटायला तर हवीच. पण टॅग रस्त्यावर पडला तर गिऱ्हाईक मला सोडणार नाही." आणि एकदम म्हणाल्या, "गाठ सुटल्यावर टॅग खाली पडायलाच हवा का? तो बॅगेच्या पोटालाही एका धाग्यानं बांधला तर? नुसता पट्ट्याला नाही, पोटालाही?"

मग आम्ही सगळ्या त्या टेबलाभोवती बसलो. चहा थंड झाला. एक लांब, सैल, कच्चा धागा बॅगेच्या खालच्या शिवणीत, टॅगला जोडलेला. गाठ कडीला, जंगूबाईंची. हिसका बसला की गाठ सोडते, टॅग सैल धाग्यावर लोंबत राहतो. आणि त्यावरही कुणी जोर लावलाच तर तो कच्चा धागा तुटून जातो. पहिला धागा आखूड झाला, दुसरा पायात येईल इतका लांब झाला, कुंदानं सवयीनं त्यालाही घट्ट गाठ मारली आणि शिव्या खाल्ल्या. दिवस कलला तेव्हा जमलं. मशिनीवरच्या जाळ्या मी त्याच संध्याकाळी बसवून घेतल्या, आणि पुन्हा कुणी काढली तर तिचा डबा फेकीन असं जाहीर केलं.

जंगूबाई टेबलावर परत आल्या. मी काम सोडेपर्यंत सगळ्यांना ती गाठ त्यांनीच शिकवली. माझ्या बोटांना ती कधीच त्यांच्याइतकी देखणी जमली नाही, ही हळहळ मात्र आहे.

त्या दिवशी निघताना मॅडमनी जंगूबाईंसमोर सगळा माल मांडला होता. "यातली कोणतीही बॅग घ्या. तुमची."

जंगूबाईंनी बॅगांवरून हात फिरवला, एकेक बघितली, आणि मग मशिनीपाशी जाऊन पट्ट्यातून निघालेला तो चुरगळलेला टॅग उचलला. "हे घंटी द्या," त्या म्हणाल्या. "घरी वासरू हाय."

मॅडमनी बॅगही बळंच दिली. तिच्यात सध्या लसूण असतो, मी पाहिलाय. टॅग वासराच्या गळ्यात गेला. बांबूची चकती त्यानं पहिल्या आठवड्यातच चावून खाल्ली, गोंड्याचंही फार काही उरलं नाही. घंटी तेवढी होती.

पावसाळा सरल्यावर मी गंमत म्हणून विचारलं, "काय जंगूबाई, टॅग टिकला काय?"

"नाई जी. दोन बार पडला जंगलात."

"आणि वासरू?"

"दोन्ही बार घरी आलं."